दिवाणखान्यातील ५.१ होम थिएटर : जोडणी, मांडणी आणि नियंत्रण कसे करावे

होम थिएटर घरी आणले, वायरी लावल्या आणि सगळे स्पीकर वाजू लागले, की काम संपले असे बहुतेक घरांत गृहीत धरले जाते. मात्र ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्ज वाजवणारा एक सबवूफर अशी सहा खोकी वाजत असली, म्हणून त्यांतून सहा वेगवेगळे आवाज येत असतीलच असे नाही. सेट-टॉप बॉक्स किंवा ओटीटी ॲप, टीव्ही, रिसीव्हर (आवाजाचा संकेत घेऊन स्पीकर चालवणारे यंत्र) आणि स्पीकर अशी ही साखळी असते. तिच्यातील एका कडीने जरी आवाज दोनच चॅनेलचा (चॅनेल म्हणजे एकेका स्पीकरसाठीचा वेगळा आवाज) करून पुढे पाठवला, तरी त्यापुढचे यंत्र कितीही महाग असले तरी गळालेले चॅनेल परत आणू शकत नाही. त्यामुळे कोणती वायर कोठे लावावी हे सांगतानाच, प्रत्येक टप्प्यातून नक्की काय पुढे जात आहे हे कसे तपासावे, यावर या लेखात अधिक भर दिला आहे. उदाहरणासाठी आपल्याकडील फ्लॅटमधला नेहमीचा हॉल घेतला आहे : दहा फूट बाय सोळा फूट, लांब भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा, आणि पाच स्पीकर व एक सबवूफर चालवणारा एव्ही रिसीव्हर.

संच कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखावे

खोक्यावर ‘५.१’ असे छापलेले सगळेच संच सारखे काम करत नाहीत. संच उलटा करून त्याची मागची बाजू पाहावी. तेथे ‘एआरसी’ (टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलने संचाकडे परत आणण्याची सोय) किंवा तिची सुधारित आवृत्ती ‘ईएआरसी’ असे लिहिलेले एचडीएमआयचे सॉकेट असेल, तर संचात बहुधा डॉल्बी डिजिटलसारखा संकेत उलगडून सहा चॅनेल वेगळे करणारा डिकोडर असतो. याउलट मागे फक्त सहा गोल आरसीए सॉकेट आणि एक ऑक्सची जागा असेल, तर तो केवळ सहा वाटांचा ॲम्प्लिफायर आहे. त्याला सहा वेगळे आवाज पुरवणारा जुना डीव्हीडी प्लेअर किंवा संगणकाचे तसे साउंड कार्ड लागते. अशा संचाला फोन ब्लूटूथने जोडला किंवा टीव्हीच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर आणली, तर दोनच चॅनेल मिळतात आणि मागच्या स्पीकरमधून पुढचाच आवाज पुन्हा ऐकू येतो. गाणी ऐकायला, गणपतीत आरत्या लावायला हा संच उत्तम आहे. चित्रपटातील पाऊस मागून पडल्यासारखा वाटावा ही अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नये. दुकानात दिसायला दोन्ही संच सारखेच असतात, त्यामुळे खरेदीच्या वेळी मागची बाजू पाहण्याचा आग्रह धरावा.

जागा ठरवावी, मग वायर कापावी

वायरमन घरी आला की आधी वायर ओढली जाते आणि स्पीकर वायर पोहोचेल तेथे टांगले जातात. हा क्रम उलटा हवा. मुख्य श्रोता सोफ्यावर कोठे बसणार आहे ते ठरवून तेथून मोजमाप सुरू करावे. पुढचे डावे आणि उजवे स्पीकर श्रोत्याच्या समोरच्या मध्यरेषेपासून प्रत्येकी सुमारे ३० अंशांवर असावेत. हे कोनमापकाशिवाय साधण्याची सोपी रीत अशी, की दोन स्पीकरमधील अंतर हे श्रोत्यापासून प्रत्येक स्पीकरपर्यंतच्या अंतराएवढेच ठेवावे, म्हणजे समभुज त्रिकोण तयार होतो. आपल्या उदाहरणातील हॉलमध्ये हे अंतर सुमारे आठ फूट भरेल. या स्पीकरचा लहान गोल, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा.

सेंटर स्पीकर टीव्हीच्या बरोबर खाली किंवा वर ठेवावा. चित्रपटातील बहुतेक संवाद एकट्या याच स्पीकरमधून येतात, त्यामुळे त्याची मांडणी सर्वांत काळजीपूर्वक करावी. तो टीव्ही युनिटच्या खणात खोल सरकवू नये. त्याची पुढची कड फळीच्या कडेशी जुळवावी, नाहीतर आवाज फळीवर आपटून गढूळ होतो. स्पीकर खाली असेल तर पुढच्या बाजूला रबराचा तुकडा सरकवून त्याचे तोंड कानाच्या दिशेने किंचित वर करावे.

मागच्या, म्हणजे सराउंड स्पीकरची खरी जागा श्रोत्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, १०० ते १२० अंशांवर असते. सोफा भिंतीला टेकलेला असला की मागे जागाच उरत नाही, आणि आपल्याकडच्या बहुसंख्य घरांची अडचण हीच आहे. जमत असेल तर सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढावा. तेवढ्यानेही आवाजात फरक पडतो. ते शक्य नसेल, तर हे स्पीकर सोफ्याच्या दोन्ही टोकांच्या थोडे बाहेर, कानापेक्षा एक ते दोन फूट उंचीवर, मागच्या भिंतीवर लावावेत आणि प्रत्येकाचे तोंड सोफ्याच्या विरुद्ध टोकाकडे तिरपे वळवावे, म्हणजे कडेला बसणाऱ्याच्या कानाशी एकच स्पीकर ओरडत राहणार नाही. शोभेसाठी हे स्पीकर टीव्हीच्याच बाजूला रांगेत मांडणे मात्र पूर्णपणे टाळावे.

सबवूफरची जागा कागदावर ठरवता येत नाही, कारण खोलीच्या भिंतींमुळे खर्ज काही ठिकाणी फुगतो आणि काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. यावर एक जुनी, काहीशी हास्यास्पद दिसणारी, पण खात्रीची युक्ती आहे. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर श्रोत्याच्या जागी ठेवावा, खर्जाचे वेगवेगळे स्वर असलेले एखादे गाणे लावावे आणि आपण स्वतः भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत, डोके जमिनीजवळ ठेवून ऐकत जावे. जेथे प्रत्येक स्वर सारख्या ताकदीने व स्पष्ट ऐकू येईल, ती जागा निवडून सबवूफर तेथे ठेवावा. कोपऱ्यात तो सर्वांत मोठा वाजतो खरा, पण तेथे खर्ज बहुधा घुमतो.

स्पीकरच्या वायरी

जोडणी करताना रिसीव्हरचा प्लग बोर्डातून काढून ठेवावा. नुसते रिमोटने बंद करणे पुरेसे नाही. पंचवीस-तीस फुटांपर्यंतच्या अंतराला १६ गेजची तांब्याची स्पीकर वायर पुरते. त्याहून लांब अंतरासाठी किंवा ४ ओहमच्या स्पीकरसाठी १४ गेजची, म्हणजे अधिक जाड, घ्यावी. वायरवर याहून अधिक खर्च करण्याची गरज नाही. घराचे काम सुरू असेल तर विजेच्या वायरींपासून वेगळा एक पीव्हीसी पाइप मागच्या स्पीकरसाठी भिंतीत टाकून घ्यावा; काम झालेले असेल तर स्कर्टिंगच्या कडेने केसिंगची पट्टी मारावी. कोपऱ्यांवर आणि दोन्ही टोकांना हातभर वायर जास्तीची सोडावी.

प्रत्येक वायरीत दोन तारा असतात आणि त्यांपैकी एकीवर लाल रेघ, छपाई किंवा बारीक कंगोरा असतो. खूण असलेली तार नेहमी लाल टर्मिनलला आणि बिनखुणेची काळ्या टर्मिनलला, हा नियम रिसीव्हरकडे आणि स्पीकरकडे दोन्ही टोकांना न चुकता पाळावा. एखाद्या स्पीकरची जोडणी उलटी झाली तर तो वाजतो, पण त्याचा पडदा इतरांच्या विरुद्ध दिशेने हलत असल्याने खर्ज पातळ होतो आणि आवाज नेमका कोठून येतो ते कळेनासे होते. वायरीचे टोक सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर सोलावे, तांब्याचे केस पीळ देऊन एकत्र करावेत, टर्मिनल सैल करून पीळ आत घालावा आणि घट्ट करावे. मग टॉर्च लावून पाहावे : एखादा केसभर धागा बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकत असेल, तर आवाज वाढवताच रिसीव्हर ‘प्रोटेक्ट’ असे दाखवून बंद पडेल, आणि संरक्षण नसलेल्या स्वस्त संचाचा तर ॲम्प्लिफायरच जळेल. पीळ बसत नसेल तर बनाना प्लग वापरावेत.

सबवूफरला स्वतःची वीज लागते आणि रिसीव्हरच्या ‘सबवूफर प्री-आउट’ सॉकेटपासून सबवूफरच्या ‘एलएफई’ सॉकेटपर्यंत एकच आरसीए केबल जाते. सबवूफरवरचे क्रॉसओव्हरचे (कोणत्या स्वराखालचा खर्ज सबवूफरने वाजवायचा ती सीमा ठरवणारे) बटण सर्वांत वरच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवावे, कारण खर्ज कोठे तोडायचा हा निर्णय रिसीव्हर घेणार आहे. आवाजाचे बटण साधारण मध्यावर असावे.

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि रिसीव्हर

येथे दोन मार्ग आहेत. पहिल्यात सगळी उपकरणे रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला लावतात आणि रिसीव्हरमधून एकच केबल टीव्हीकडे जाते. दुसऱ्यात उपकरणे टीव्हीला लावतात आणि टीव्हीतून आवाज एआरसीने रिसीव्हरकडे परत येतो. रिसीव्हर नवा असेल तर पहिला मार्ग अधिक निर्धोक आहे. रिसीव्हर जुना असून त्यातून ४के चित्र किंवा त्यासाठी लागणारे एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारे संरक्षण पुढे जात नसेल, तर दुसरा मार्ग घ्यावा, अन्यथा टीव्हीवर काळा पडदा किंवा कमी दर्जाचे चित्र दिसेल. कोणताही मार्ग घेतला, तरी टीव्हीतीलच ॲप वापरायची असतील तर एआरसी किंवा पुढे सांगितलेली ऑप्टिकल केबल लागतेच.

टीव्हीच्या तीन-चार एचडीएमआय सॉकेटांपैकी बहुधा एकावरच ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असे लिहिलेले असते. केबल त्याच सॉकेटमधून रिसीव्हरच्या ‘एचडीएमआय आउट’ला गेली पाहिजे. टीव्ही भिंतीला चिकटवल्यावर ही अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून आधीच फोनने मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवावा. एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आली आणि ईएआरसी २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर. एआरसीमधून डॉल्बी डिजिटल आणि ओटीटीवर वापरले जाणारे डॉल्बी डिजिटल प्लस जाते. ईएआरसी त्याशिवाय ब्लू-रेवरील डॉल्बी ट्रूएचडीसारखा पूर्ण आवाजही नेते. केवळ ओटीटी पाहणाऱ्याने ईएआरसी नाही म्हणून टीव्ही बदलण्याचे कारण नाही. चार-पाच मीटरपर्यंत साधी, प्रमाणित हाय स्पीड केबल चालते. हजारो रुपयांच्या सोनेरी केबलने आवाज सुधारतो ही केवळ विक्रेत्याची श्रद्धा आहे.

रिसीव्हरला एचडीएमआय नसेल तर ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्या दोन्ही टोकांवर प्लॅस्टिकचे छोटे टोपण असते, ते काढल्याशिवाय ती बसत नाही. टीव्ही सुरू असताना दुसऱ्या टोकातून लाल प्रकाश दिसला की केबल ठीक आहे असे समजावे. या वाटेने डॉल्बी डिजिटल ५.१ जाते, डॉल्बी डिजिटल प्लस किंवा ॲटमॉस (वरूनही आवाज येत असल्याचा भास देणारा डॉल्बीचा प्रकार) जात नाही.

सेटिंग : जेथे चॅनेल गळतात

टीव्हीच्या साउंड मेनूत तीन गोष्टी पाहाव्यात. आवाजाचे आउटपुट टीव्हीच्या स्पीकरऐवजी एचडीएमआय एआरसी किंवा रिसीव्हर असे निवडावे. एचडीएमआय-सीईसी, म्हणजे एकाच रिमोटने जोडलेली उपकरणे चालवण्याची सोय, सुरू करावे. हेच सॅमसंगच्या टीव्हीत ‘एनीनेट प्लस’, एलजीत ‘सिम्प्लिंक’ आणि सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’ या नावाने सापडते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ‘डिजिटल साउंड आउटपुट’ हे ‘पीसीएम’वर (टीव्हीनेच उलगडून पाठवलेला साधा डिजिटल आवाज) नसून ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’वर असावे. साध्या एआरसीवर ‘पीसीएम’ निवडलेले असेल तर टीव्ही सहा चॅनेलचा आवाज दोनचा करून पाठवतो, आणि मग घरचे लोक वर्षानुवर्षे पाच स्पीकरमधून स्टिरिओ ऐकत राहतात. हीच निवड सेट-टॉप बॉक्सच्या आणि स्ट्रीमिंग स्टिकच्या मेनूतही करावी लागते.

यानंतर दोन वेगळ्या चाचण्या घ्याव्यात. रिसीव्हरच्या मेनूतील ‘टेस्ट टोन’ने खसखसणारा आवाज एकेका स्पीकरमधून फिरतो, डावा म्हटल्यावर उजवा वाजला तर वायरी अदलाबदल झाल्या आहेत. पण ही चाचणी फक्त रिसीव्हरच्या पुढच्या वायरींची आहे, मागून येणाऱ्या संकेताची नाही. त्यासाठी ज्याच्या माहितीत ५.१ लिहिले आहे असा चित्रपट ओटीटीवर लावून रिसीव्हरच्या रिमोटवरील ‘इन्फो’ किंवा ‘स्टेटस’चे बटण दाबावे. डिस्प्लेवर ‘डॉल्बी डी प्लस’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’ आले तर साखळी अखंड आहे. ‘पीसीएम’ आणि दोनच चॅनेल दिसले तर उलट दिशेने टीव्ही, बॉक्स, ॲप असे एकेक सेटिंग तपासत जावे. यूट्यूबवरील ‘५.१ टेस्ट’ नावाच्या चित्रफितींवर विसंबू नये, कारण त्या अनेकदा दोनच चॅनेलमध्ये वाजतात. ॲपच्या योजनेचाही संबंध असतो. उदाहरणार्थ, नेटफ्लिक्सवर ॲटमॉस प्रीमियम योजनेतच मिळते.

खोलीशी जुळवणी

बहुतेक रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो आणि खोली मोजण्याची स्वयंचलित सोय असते : डेनॉन व मरांट्झमध्ये ‘ऑडिसी’, यामाहात ‘वायपीएओ’. माइक हातात धरू नये आणि सोफ्याच्या पाठीवरही ठेवू नये. ट्रायपॉडवर, मुख्य श्रोत्याच्या कानाच्या जागी उभा करावा. मोजणीपूर्वी छताचा पंखा आणि एसी बंद करावा, खिडक्या लावाव्यात आणि स्वयंपाकघरात कुकर लावलेला नाही ना, याचीही खात्री करावी. एका शिट्टीने सगळी मोजणी पुन्हा करावी लागते. अनेक जागांवर माइक ठेवण्यास सांगितले जाते, त्यांतील पहिली जागा मुख्य श्रोत्याचीच असावी, कारण अंतरे आणि पातळ्या तिच्यावरून ठरतात.

मोजणी संपल्यावर निकाल डोळ्यांखालून घालावा. स्पीकर आकाराने मध्यम असले तरी यंत्र कधीकधी त्यांना ‘लार्ज’ ठरवते. ते बदलून ‘स्मॉल’ करावे आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवावा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जाईल आणि लहान स्पीकरवर ताण येणार नाही. फारच छोट्या, तळहाताएवढ्या स्पीकरांसाठी १०० ते १२० हर्ट्झ योग्य ठरतो. सबवूफरचे अंतर टेपने मोजल्यापेक्षा बरेच जास्त दाखवले जाते; सबवूफरच्या आतील विद्युतमंडलामुळे आवाजाला होणारा उशीर त्यात धरलेला असतो, म्हणून तो आकडा बदलू नये. माइकची सोय नसेल तर प्रत्येक स्पीकरचे अंतर टेपने मोजून भरावे, आणि फोनवरील ध्वनिमापक ॲपने टेस्ट टोनची पातळी सगळीकडे सारखी, सुमारे ७५ डेसिबल करावी. ॲपचा आकडा अचूक नसला तरी स्पीकरांची आपसांतील तुलना त्यावर जमते.

हॉलमध्ये गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असतील तर आवाज घुमतो, आणि त्यावर मेनूत उपाय नाही. टीव्ही आणि सोफा यांच्यामधल्या फरशीवर जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदे, एवढ्याने संवाद जितके स्पष्ट होतात तितके पुढच्या किमतीचा रिसीव्हर घेऊनही होत नाहीत.

रोजचे नियंत्रण

सीईसी नीट चालू झाले की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो, टीव्ही लावताच रिसीव्हर जागा होतो आणि घरातील ज्येष्ठांना दुसरा रिमोट शोधावा लागत नाही. मधूनच हे साहचर्य बिघडले तर सर्व उपकरणांचे प्लग काढून काही मिनिटे थांबावे, आधी टीव्ही आणि मग रिसीव्हर सुरू करावा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. रिसीव्हरच्या मेनूत ‘सुरू होतानाचा आवाज’ आणि ‘कमाल आवाज’ या मर्यादा घालून ठेवाव्यात, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

कोणत्या कार्यक्रमाला कोणता ध्वनिप्रकार, हेही एकदा समजून घेण्यासारखे आहे. मूळ आवाज ५.१ असेल तर रिसीव्हरला तो जसाच्या तसा वाजवू द्यावा. मालिका आणि बातम्या यांचा आवाज अनेकदा स्टिरिओच असतो; त्यासाठी ‘डॉल्बी सराउंड’ किंवा जुन्या यंत्रातील ‘प्रो लॉजिक २’ निवडल्यास संवाद सेंटर स्पीकरमध्ये एकवटतात. शास्त्रीय गायनाची मैफल मात्र ‘स्टिरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’वरच ऐकावी, तानपुरा मागच्या भिंतीवरून ऐकण्यात काही हशील नाही. ‘हॉल’, ‘स्टेडियम’ असे प्रकार एकदा ऐकून सोडून द्यावेत. संवाद दबलेले वाटत असतील तर एकूण आवाज न वाढवता फक्त सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी.

ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात, किंवा उलट होते, ही तक्रार एआरसीवर नेहमीची आहे. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करताना वेळ घेतो, त्यामुळे बहुधा आवाज पुढे धावतो. रिसीव्हरमधील ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत, बातम्या देणाऱ्या निवेदकाच्या ओठांकडे पाहत जुळवावे. आवाज मागे पडत असेल तर डिले शून्यावर आणावा आणि टीव्हीचा ‘गेम’ प्रकार वापरू नये, कारण त्यात चित्र आणखी लवकर येते.

स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत असेल, तर एकेक केबल काढून पाहावी आणि सुरुवात डिश किंवा केबल टीव्हीच्या वायरीपासून करावी. अनेकदा दोष तिच्या वेगळ्या अर्थिंगमध्ये असतो. हा आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला काही जण देतात, तो जिवावर बेतणारा आहे. रिसीव्हर बंद शोकेसमध्ये ठेवू नये. वर निदान चार इंच मोकळी हवा हवी. वळवाच्या पावसात विजा कडकडू लागल्या, की वीजपुरवठ्याच्या प्लगबरोबर डिशची वायरही काढावी, कारण स्पाइक गार्ड तिच्यातून येणारा धक्का अडवत नाही.

रात्री पाहताना खर्जाचा त्रास शेजाऱ्यांना आधी होतो, कारण तो स्लॅबमधून खालच्या आणि वरच्या मजल्यावर पोहोचतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्रीचा काळ १० ते सकाळी ६ असा धरला असून निवासी भागासाठी त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सगळाच आवाज कमी केला तर संवाद ऐकू येत नाहीत. त्याऐवजी रिसीव्हरमधील ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ नियंत्रण सुरू करावे, ज्याने स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते. सबवूफरची पातळी पाच-सहा डेसिबलने खाली आणावी आणि त्याच्या पायांखाली जाड रबराच्या गाद्या द्याव्यात. काही रिसीव्हरमध्ये असे बदल एका बटणाखाली साठवता येतात. तसे बटण असेल तर दिवसाची मांडणी एकावर आणि रात्रीची दुसऱ्यावर ठेवावी, आणि सगळ्या मेनूंचे फोटो फोनमध्ये काढून ठेवावेत, कारण कारखान्यातील मूळ सेटिंगवर यंत्र परत गेले तर क्रॉसओव्हर आणि डिलेचे आकडे हातानेच पुन्हा भरावे लागतात.